लॅपटॉप कुठल्या कंपनीचा घेऊ, हे विचारायच्या आधी

जून लागला की फोन सुरू होतात. कुणाचा पोरगा डिप्लोमाला लागलाय, कुणाची पोरगी बीसीएला गेली, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, लॅपटॉप घ्यायचाय, कुठल्या कंपनीचा घेऊ सांगा की." मी गेली बारा वर्षं बेळगावच्या शहापुरात रिपेरीच्या टेबलावर बसतो आणि या प्रश्नाला आता सरळ उत्तर देत नाही. आधी मीच विचारतो, घर कुठं आहे, लाईट किती वेळा जाते, घरात अर्थिंग आहे काय, आणि आत्ता फोटो नि कागदपत्रं आहेत त्यांची दुसरी कॉपी कुठं ठेवलीय. लोकांना वाटतं हा विषय बदलतोय. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या मशिनी बघितल्या तर कंपनीमुळं गेलेली फार थोडी, करंटनं, धुळीनं, तापून आणि ओलीनं गेलेलीच जास्त. दरवेळी फोनवर अर्धा तास तेच सांगतो म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. यात नवीन मशीनपेक्षा जुन्या, म्हणजे रिफर्बिश्ड म्हणून मिळतो त्या मालाबद्दल जास्त आहे, कारण आमच्याकडं खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बहुतेक पोरं तोच घेतात आणि नीट बघून घेतला तर त्यात काही वाईट नाही.

आधी कंपनीचं एकदाच बोलून टाकतो

प्रत्येकाचं मत एका मशीनवर उभं असतं. मामाच्या लॅपटॉपचं बिजागर तुटलं म्हणून सगळं घर त्या कंपनीच्या विरोधात जातं, आणि शेजारच्या काकांचा त्याच कंपनीचा दहा वर्षं चालला म्हणून त्यांची गल्ली तोच घेते. एक-दोन मशिनींवरून काही कळत नाही. अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची डेटा साठवणारी कंपनी आहे, त्यांच्याकडं लाखो हार्डडिस्का रात्रंदिवस चालतात आणि कुठलं मॉडेल किती बिघडलं याचे आकडे ते २०१३ पासून उघड छापतात. सगळ्या मिळून वर्षाला शंभरात साधारण एक-दीड डिस्क जाते. पण सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल होतं, एसटी३०००डीएम००१, ते त्यांच्याकडं भराभरा गेलं आणि त्याच सीगेटची दुसरी मॉडेलं त्याच कपाटात व्यवस्थित चालली. तसंच इंटेलचं. १३व्या आणि १४व्या जनरेशनचे डेस्कटॉपचे मोठे प्रोसेसर जास्त व्होल्टेज ओढून हळूहळू खराब होतात हे २०२४ मध्ये बाहेर आलं, ऑगस्टमध्ये बायोसमधून (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डातला प्रोग्राम) टाकायचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला आणि कंपनीनं वॉरंटी तीनाची पाच वर्षं केली. कुणी तसला डेस्कटॉप जुना विकत असेल तर पहिल्यांदा बायोस अपडेट कधी केला ते विचारा, पूर्वीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटनं नीट होत नाही. म्हणजे बघायचं ते मॉडेल, नुसतं झाकणावरचं नाव बघून काही उपयोग नाही.

त्यातल्या त्यात माझं मत विचाराल तर ऑफिससाठी बनवलेली सिरीज घ्या, लेनोव्होची थिंकपॅड टी, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक, प्रोबुक असली. मोठ्या कंपन्या ही तीन-चार वर्षांनी एकदम बदलतात, मग तीच बेंगळूरूच्या एसपी रोडवरनं नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं आमच्याकडं येतात. दिसायला जड आणि काळी असतात, पण खालचे स्क्रू काढले की पंखा, रॅम, एसएसडी (फिरत्या हार्डडिस्कच्या जागी येणारी चिपची डिस्क) सगळं हाताला लागतं, कीबोर्ड मिळतो, बिजागर मिळतं, आणि उघडायचं कसं याचं पुस्तक कंपनीच्याच साईटवर फुकट असतं. दुकानात नवीन म्हणून चमकणाऱ्या पातळ लॅपटॉपात पुष्कळ वेळा रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, आठ जीबी घेतली की जन्मभर आठच. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे दर चांगलेच चढलेत, त्यामुळं नंतर वाढवू म्हणायच्या आधी दोनदा विचार करा, आणि जुना घेताना सोळा जीबीवाला थोड्या फरकात मिळत असेल तर तोच उचला.

जनरेशन बघायला शिका, यात लोक सगळ्यात जास्त फसतात. दुकानदार "आय सेव्हन आहे" म्हणतो आणि गिऱ्हाईक खूष होतं. आय सेव्हनच्या पुढचा नंबर वाचा. ४६०० असेल तर चौथी जनरेशन, ८२५० असेल तर आठवी. आय सेव्हन ७५०० यू मध्ये कोर दोन आणि आय फाय ८२५० यू मध्ये चार, म्हणजे "छोटा" आय फाय भारी पडतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्याच्या आधीच्या मशीनवर कुणी विंडोज ११ टाकून दिलंय म्हणजे ती अट चुकवून टाकलंय, आज चालेल, पुढचं मोठं अपडेट येईलच असं नाही. घरात आधीपासून तसला जुना लॅपटॉप पडून असेल तर टाकून देऊ नका, एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, ब्राउझर, अभ्यास, मराठी टायपिंग सगळं मस्त चालतं. फक्त ऑफिसच्या कामाला कन्नड टायपिंगचं नुडी लागत असेल नाहीतर प्रेसमध्ये श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल लावून पत्रिका छापत असाल तर विंडोजच पाहिजे, तिथं हा मार्ग घेऊ नका.

दुकानात बसून काय बघायचं

पैसे द्यायच्या आधी पाऊण तास मागा. जो दुकानदार पाऊण तास देत नाही त्याच्याकडं माल कितीही स्वस्त असला तरी उठून या.

चार्जर काढून बॅटरीवर चालू करा आणि तपासणी संपेपर्यंत बॅटरीवरच ठेवा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला लागून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप केलं की एक फाईल तयार होते, त्यात डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी असे दोन आकडे असतात. डिझाइन ५०,००० आणि फुल चार्ज ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्के उरलीय. साठच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे आत्ताच किमतीतून कमी करून घ्या. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, झाकण नीट मिटत नाही, तर बॅटरी फुगलीय, असला लॅपटॉप बॅटरी बदलल्याशिवाय घरी आणायचाच नाही, ती पेट घेऊ शकते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे, पेनड्राईव्हवर घेऊनच जा. हार्डडिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या, पुढं सगळे शून्य पाहिजेत. सी५ मध्ये आकडा दिसला की ती डिस्क नको. एसएसडी असेल तर हेल्थचे टक्के आणि आत्तापर्यंत किती लिहिलंय ते बघा. एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीती लोकांच्या डोक्यात लई बसलीय, पण ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी १५० ते ३०० टीबी लिहायची हमी देते आणि कॉलेजचा पोरगा दिवसाला वीस जीबी लिहितो धरलं तरी वर्षाला सात टीबीच होतात. झिजून गेलेली एसएसडी मी फारशी बघितली नाही. जातात त्या अचानक, काल चालू होती आज दिसतच नाही, आणि तेव्हा हार्डडिस्कसारखी आधी कट्कट् वाजून सूचनाही देत नाहीत. म्हणून कॉपीचं खाली लिहिलंय ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाइकाला माहीत नसते. कंपनीतून आलेल्या लॅपटॉपांवर कधीकधी त्या कंपनीचं कुलूप राहिलेलं असतं. दुकानात उघडतो, घरी नेऊन महिन्यानं विंडोज नवीन टाकलं आणि इंटरनेट जोडलं की कुठल्या तरी कंपनीचं नाव येतं आणि त्यांचा ईमेल-पासवर्ड मागतो. त्यामुळं दुकानातच मोबाईलचं नेट देऊन विंडोज रीसेट करून दाखवा म्हणायचं, आणि बायोसमध्ये जाऊन बघायचं, तिथं पासवर्ड मागितला तर तो काढून द्यायला सांगायचं. गेल्या वर्षी कंग्राळीकडचं एक पोरगं असला लॅपटॉप घेऊन आलं होतं, वडिलांनी दूध घालून साठवलेले सतरा हजार होते ते, आणि मला काही करता आलं नाही. आठ दिवस खेटे घालून शेवटी दुकानदारानं बदलून दिला, तोही पक्कं बिल होतं म्हणून.

बाकीचं पटपट. नोटपॅडमध्ये सगळी बटणं दाबून बघा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राईव्ह घाला, कॅमेरा, माईक, वायफाय बघा, झाकण सावकाश पूर्ण उघडून मिटवून बिजागराजवळ चर्र आवाज येतो काय ऐका, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर डाग बघा. चार्जर त्याच वॅटचा पाहिजे, ६५ च्या जागी ४५ दिला की लॅपटॉप चालतो पण रडत चालतो. शेवटी वीस मिनिटं मोठा व्हिडिओ लावून ठेवा आणि पंख्याच्या भोकाजवळ हात धरा, गरम वारा जोरात आला पाहिजे. खालनं तापलाय आणि वारा मात्र येत नाही, तर आत धूळ बसलीय नाहीतर पंखा गेलाय.

करंट

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याच्यावर लोक सगळ्यात कमी खर्च करतात. चाळीस हजाराचा लॅपटॉप घेतील आणि दीडशे रुपयाच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावतील.

लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, वाचून बघा. म्हणजे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि गावात लाईट मिणमिणली, व्होल्टेज १७० वर आलं, तरी लॅपटॉपला काही होत नाही. कमी व्होल्टेजला घाबरायचं कारण नाही, घाबरायचं ते जास्तीला. आणि जास्ती येतं ते बहुतेक वेळा न्यूट्रल तुटल्यावर. ट्रान्सफॉर्मरवरनं तीन फेज येतात, एका फेजमधनं आणि न्यूट्रलमधनं मिळून घराला २३० मिळतात, पण दोन फेजांच्या मध्ये ४०० असतात. खांबावरचं न्यूट्रल वाऱ्यानं, फांदी पडून किंवा गंजून सुटलं की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत अडकून त्या ४०० मध्ये वाटेकरी होतात, आणि ज्या घरात कमी वस्तू चालू असतात तिथं व्होल्टेज चढतं, तीनशेच्याही वर जातं. एकदा एकाच गल्लीतनं एका सकाळी चार अडॅप्टर, दोन राउटर आणि एक टीव्ही माझ्याकडं आले, सगळ्यांची एकच तक्रार, "पंखा एकदम जोरात फिरायला लागला आणि मग धूर आला." ती खूण लक्षात ठेवा. घरातले काही बल्ब एकदम पांढरेफेक आणि शेजारच्यांचे मंद, पंखा वेड्यासारखा फिरतोय, तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा आणि मग १९१२ ला फोन लावा.

यावर कायमचा उपाय आहे. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाची डबी मिळते, मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसते, व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर गेलं की घराची लाईट तोडते आणि नीट झालं की थोड्या वेळानं आपोआप जोडते. चांगल्या वायरमनकडनं बसवून घ्या, एका टीव्हीच्या रिपेरीत तिचे पैसे निघतात. स्पाइक गार्ड म्हणून विकतात त्यातल्या स्वस्त बोर्डांत नुसता एक फ्यूज आणि लाल दिवा असतो, त्यावर विसंबू नका.

अर्थिंग. "लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात" ही तक्रार आठवड्याला एक तरी येते आणि लोक लॅपटॉप बदलायला निघतात. लॅपटॉपात दोष नसतो. अडॅप्टरमध्ये आवाज गाळायला छोटे कपॅसिटर असतात, त्यातनं अगदी किंचित करंट बॉडीपर्यंत येतो, तो अर्थमधनं जमिनीत जायला पाहिजे आणि अर्थच नसलं की तुमच्या हातातनं जातो. तीन पिनांची जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवणं बंद करा. वायरमनला मल्टिमीटर लावून बघायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसले पाहिजेत. जुन्या कौलारू घरांत अर्थिंगचा खड्डा असतो पण उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, मार्च ते मे त्यात आठवड्याला एक बादली पाणी ओता, खरंच फरक पडतो.

आणि वळीव. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, कडाडायला लागतं, तेव्हा सगळ्या पिना काढायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण बटणाच्या फटीवरनं वीज सहज उडी मारते. लोक लॅपटॉपची पिन काढतात आणि राउटर विसरतात. फायबरची काच करंट आणत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर लाईटवर असतो आणि त्याच्यातनं लॅनची तांब्याची वायर थेट कॉम्प्युटरात गेलेली असते, मदरबोर्डाचं लॅन पोर्ट तेवढंच जळालेलं मी पुष्कळदा बघतो. केबल टीव्हीची वायरही काढा.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस पाहिजेच. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो, काम सेव्ह करून बंद करायला दहा मिनिटं देतो, त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते हे लक्षात ठेवा, यूपीएस खराब झाला म्हणून फेकून देतात त्यातल्या अर्ध्यांची फक्त बॅटरी संपलेली असते. घरात मोठा इन्व्हर्टर असेल आणि तरी लाईट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, तर इन्व्हर्टरच्या मागं बघा, यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असं एक बटण असतं, ते यूपीएसवर करा. नॉर्मलवर असताना तो लाईटवरनं बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो. नवीन इन्व्हर्टर घेणार असाल तर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर बरेच चांगले एसएमपीएस (डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय) कुरकुर करतात नाहीतर बंदच पडतात.

धूळ आणि ओल

उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातनं येणाऱ्या कॉम्प्युटरांची धूळ ब्रशनं काढून कागदावर घेतो आणि खालनं लोहचुंबक फिरवतो, ती उभी राहते. फाउंड्रीतलं लोखंड आहे ते. साधी धूळ नुसती मशीन तापवते, ही धूळ बोर्डावर दोन टोकं जोडून शॉर्ट करू शकते. तिथल्या ऑफिसांत सीपीयू जमिनीवर ठेवू नका, दर तीन महिन्यांनी साफ करा आणि पंख्याच्या जाळीला बारीक कापडाचा फिल्टर लावा. निपाणीकडनं येतो त्यात तंबाखूची भुकटी असते, ती पावसाळ्याच्या ओलीत चिकट होऊन पंख्याच्या पात्यांवर थापली जाते, ब्लोअरनं उडत नाही, ब्रशनंच खरवडावी लागते. घरात वापरणाऱ्यांनी वर्षातनं एकदा साफ केलं तरी पुरे. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं उलटसुलट गरगर फिरला तर त्याची बेअरिंग जाते. चार-पाच वर्षांचा लॅपटॉप असेल तर थर्मल पेस्टही बदलून घ्या. "दादा, लई तापूलाय बघा, आता गेला वाटतं" म्हणून आलेले कितीतरी लॅपटॉप नुसती धूळ काढून नि पेस्ट बदलून पुढं दोन-तीन वर्षं चाललेत. आणि तो गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, हवा खालनंच आत जाते.

ओलीचं म्हणाल तर बेळगाव शहरात ठीक आहे, पण खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर झड लागली की कपाटातले कपडे सुद्धा दमट होतात, तिथं लॅपटॉप महिनाभर पिशवीत बंद ठेवणं म्हणजे त्याला मारणं. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, स्वतःच्या उष्णतेनं तो आतनं कोरडा होतो. चालू होत नाही, पडदा काळा, नुसते बीप वाजतात, तर बऱ्याचदा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओलीचा थर बसलेला असतो, रॅम काढून साध्या खोडरबरनं पट्ट्या घासायच्या, कोरड्या कापडानं पुसायच्या आणि परत बसवायची. हा उपाय जुना आहे आणि अजून चालतो. बॅगेत ओली छत्री आणि लॅपटॉप एकत्र ठेवू नका, बसमधनं येणाऱ्या पोरांचे पावसाळ्यातले निम्मे बिघाड तिथलेच.

पाणी किंवा चहा सांडला तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा, उघडून तंबूसारखा पालथा ठेवा आणि दुकानात आणा. चालू करून बघू नका, हे मी हात जोडून सांगतो. तांदळात ठेवून काही होत नाही, वर तांदळाची पूड पोर्टात जाते. चहातली साखर बोर्डावर वाळली की चार दिवसांनी गंज धरते, त्यामुळं "चालतोय की" म्हणून वापरत बसू नका, उघडून स्पिरिटनं धुवून घ्यावाच लागतो.

कॉपी

मशीन परत मिळतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांतनं चिखलानं भरलेले सीपीयू माझ्याकडं आले, त्यात एका मावशीच्या गेलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो होते आणि दुसरी कॉपी त्याच कपाटातल्या पेनड्राईव्हवर होती. दोन्ही पाण्यात. त्यांनी मला विचारलं तेव्हा मला उत्तर देता येईना. तेव्हापासून सांगतो, एक कॉपी मशीनमध्ये, एक घरात बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात, पोरगी पुण्यात असेल तर तिच्याकडं, नाहीतर गुगल ड्राईव्हवर. महिन्यातनं एक दिवस ठरवा आणि कॉपी करा, आणि कॉपी झाल्यावर त्यातले चार फोटो उघडून बघा. पेनड्राईव्ह ही ठेवायची जागा नाही, न्यायची-आणायची आहे. एसएसडीही वर्षानुवर्षं करंट न देता कपाटात ठेवायला बरी नाही, त्या कामाला साधी फिरती हार्डडिस्क अजून चांगली. ऑनलाईन सातशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राईव्ह दिसला तर तो खोटा आहे, आत बत्तीस जीबी असतात आणि त्यापुढचं सगळं हवेत जातं, एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकटच्या प्रोग्रामनं तपासता येतं. भिजलेली हार्डडिस्क उन्हात वाळवू नका, जोडूनही बघू नका, ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या, चिखल वाळला की प्लेटवर घट्ट बसतो.

एक नवीन भानगड आहे. आताच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं लॉगिन केलं की पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आपोआप बिटलॉकरच्या कुलपात जाते, मालकाला पत्ताही नसतो. मग मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झाला की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या साईटवर तुमच्या अकाऊंटमध्ये डिव्हाइसच्या पानावर असते. आजच जाऊन ती कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवा. दुकानात सेटअप करताना दुकानदारानं स्वतःचाच ईमेल टाकलेला असेल तर की त्याच्याकडं जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं सेटअप स्वतःच्या ईमेलनं, स्वतः बसून करा.

रिपेरीला देताना, आणि भांडायची वेळ आली तर

देताना लॅपटॉप सुरू असतानाचा व्हिडिओ काढा, चारी बाजूंनी, पडदा, बिजागर, सिरीयल नंबर सकट. जॉबशीटवर काय लिहिलंय ते वाचून सही करा. एकदा एका सर्व्हिस सेंटरनं माझ्याच भाच्याचा वॉरंटीतला लॅपटॉप "फिजिकल डॅमेज" म्हणून परत केला होता, कोपऱ्यावरची चीर देताना नव्हती, व्हिडिओ दाखवल्यावर तिसऱ्या दिवशी काम झालं. चार्जर देत असाल तर तोही जॉबशीटवर लिहून घ्या. शक्य असेल तर एसएसडी काढून घ्या, किंवा निदान कॉपी करून द्या, कारण डेटाची जबाबदारी कुणीच घेत नाही आणि तसं जॉबशीटच्या मागं बारीक अक्षरात छापलेलंच असतं.

आमच्याकडं पुष्कळ जण कोल्हापुरात नाहीतर गोव्यात घेतात आणि मग म्हणतात, राज्य वेगळं, आता तक्रार कुठं करायची. कंपनीची वॉरंटी देशभर चालते, ती सिरीयल नंबरवर असते, दुकानावर नसते. आणि ऐकलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५, तिथं बऱ्याच वेळा नुसत्या तक्रारीनं काम होतं. त्यानंही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, म्हणजे माल कोल्हापूरचा असला तरी केस बेळगावात चालते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाईनही भरता येतं, फक्त घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचं.

यासाठी पक्कं बिल पाहिजे, सिरीयल नंबर छापलेलं. "जीएसटी वाचतो, कच्च्या पावतीवर घ्या" म्हणतात तेव्हा हजार-दोन हजार वाचतात आणि पुढचं सगळं हातचं जातं. आणि बरीच दुकानं आता त्या गुळगुळीत कागदाच्या रोलवर बिल देतात, ते वर्षभर पाकिटात राहिलं की पांढरं पडतं, वॉरंटी शिल्लक असताना कोरा कागद घेऊन आलेली माणसं मी बघितलीत. घेतल्या दिवशीच बिलाचा, खोक्यावरच्या लेबलाचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, वर मॉडेलचं नाव लिहून, म्हणजे तीन वर्षांनी शोधायला लागलात की लगेच सापडतो.